चाळीस वाचक, समक्ष हजर

वाचनालयाच्या दारावर नोटीस लागली तेव्हा भर दुपारी ती वाचायला एकटे काकासाहेब डहाके हजर होते, आणि नोटीस त्यांच्याविषयीच होती. तसं त्यात नाव नव्हतं. 'दुपारी बारा ते चार या वेळेत वाचकसंख्या नगण्य असल्याने पुढील महिन्यापासून या वेळेत वाचनालय बंद राहील,' एवढंच होतं. काकासाहेबांनी चष्मा पुसून 'नगण्य' हा शब्द पुन्हा वाचला. चौतीस वर्षं तलाठी राहिलेल्या माणसाला असल्या शब्दांचा राग येत नाही. उलट, शब्द नेमका पडला आहे असं त्यांना वाटलं. मग ते आत गेले.

“मॅडम, ही नगण्य संख्या म्हंजी किती हो?”

ग्रंथपाल गौहर मॅडमनी हजेरीचं रजिस्टर त्यांच्यापुढे फिरवलं. मागच्या सहा महिन्यांत दुपारच्या रकान्यात रोज एकच सही होती. वळणदार, खाली दोन टिंबं दिलेली.

“एक,” त्या म्हणाल्या. “आणि एका माणसासाठी चार पंखे लावायचे का, असं कार्यकारिणी विचारते.”

“मी एकाच पंख्याखाली बसतो की.”

“हौ, पर चारी एकाच बटणावर आहेत ना!”

काकासाहेबांनी वर चारी पंख्यांकडे बघितलं. पुंडलिकनगरच्या घरात सकाळ कशीबशी निघायची. दूध, पेपर, आंघोळ, एका माणसाचा कुकर. संध्याकाळी गल्लीत स्कूटरी परत यायच्या, त्या मोजता यायच्या. मधली दुपार मात्र निघता निघायची नाही. पत्नी आवडाबाई गेल्याला दोन वर्षं झाली होती. फ्रिज बंद झाला की घर एकदम गप्प व्हायचं, आणि दहा मिनिटांनी घुर्र करून पुन्हा सुरू झाला की काकासाहेब आतल्या खोलीतून “आलो” म्हणायचे. मुलगा इंद्रजीत पुण्याला. त्याचा रविवारी फोन यायचा, चार मिनिटांचा. त्यातली दोन ‘ऐकू येतंय का’ यात जायची.

“एक रस्ता आहे,” गौहर मॅडम हळूच म्हणाल्या. “वरच्या हॉलात मल्टिमीडिया कक्ष होतोय. कॉम्प्युटर, मोठा पडदा, हेडफोन, सगळं. डिझाइन करायला पुण्याहून संस्कृती मॅडम येतात. त्या म्हणतात, लोकांना काय पाहिजे ते आधी विचारा, मग कक्ष बांधू. कक्ष किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत उघडा ठेवायचा, तेही फॉर्मवरूनच ठरणार. लोकांनी दुपार मागितली तर दुपार.”

“मग मागतील की.”

गौहर मॅडमनी टेबलावरची पेटी उघडून दाखवली. पंधरा दिवसांत दोन फॉर्म आले होते. एकात स्कूटर लावायला जागा नसल्याची तक्रार होती. दुसऱ्याच्या मागच्या बाजूला कुणीतरी भाजीची यादी लिहिली होती, त्यात कोथिंबीर दोनदा होती.

“सोमवारपर्यंत चाळीस तरी पाहिजेत,” त्या म्हणाल्या.

“घरी नेले तर चालत्यात का? वाटतो मी.”

गौहर मॅडमनी चाळीस फॉर्म मोजून दिले. निवृत्त तलाठ्याच्या हातात कोरे कागद देताना माणूस जसं बघतो, तसं त्यांनी काकासाहेबांकडे बघितलं.

काकासाहेबांनी फॉर्म वाटायचा प्रामाणिक प्रयत्न केला, हे इथे नोंदवायला हवं. समोरच्या घरातल्या सूनबाईंनी साखळी न काढता दार उघडलं.

“काका, आम्ही काही घेत नाही.”

“विकत नाय हो मी. तुमाला काय पायजे, तेवढंच सांगायचंय.”

“आम्हाला काही नको,” म्हणून दार लागलं. अशी तीन दारं लागल्यावर काकासाहेब घरी आले, जेवायच्या टेबलावरचं मीठ-तिखट बाजूला सारलं आणि पेन उघडलं.

आता पंचनामा म्हणजे काय, तर पाच प्रतिष्ठित माणसांनी जागेवर जाऊन समक्ष पाहिलेली हकीकत. पण एका गावात एकाच वेळी पाच प्रतिष्ठित माणसं मोकळी सापडणं किती अवघड असतं, हे खुद्द प्रतिष्ठित माणसांनाही माहीत आहे. म्हणून काकासाहेब जागेवर एकटेच जायचे, हकीकत खरी लिहायचे, आणि पंच पुढच्या बाजारी सह्या करायचे. जे बाजारीही सापडायचे नाहीत त्यांचं... असो. काकासाहेबांना पाच हातांची पाच अक्षरं काढता यायची, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

पहिला फॉर्म त्यांनी कचरूचा भरला. कचरू, राहणार पिशोर, वय अंदाजे ४५, धंदा शेती. गरज: आल्याच्या कंदकुजीचे व्हिडिओ मोठ्या पडद्यावर पाहणे. मग मुबश्शिरा, वय अंदाजे १९, धंदा शिक्षण. घरात नऊ माणसं, अभ्यासाला शांत कोपरा आणि कानाला हेडफोन पाहिजे. मग प्रणय, चारचौघांत गाता येत नाही, आपला आवाज भरून एकट्याने ऐकायचा आहे. मग एक आजी, नातू परदेशात, मोबाईलवर त्याचं नाक तेवढं दिसतं. चौतीस वर्षं लोक त्यांच्यापुढे उभं राहून काय काय मागत आले होते. आता ती सगळी माणसं एकेक करून टेबलाशी येऊ लागली. वेळ मात्र सगळ्यांना एकच सोयीची होती, बारा ते चार. तिसऱ्या दुपारी फ्रिज तीनदा बंद पडून तीनदा सुरू झाला, ते काकासाहेबांना ऐकूच आलं नाही.

एकोणचाळीस झाले आणि माणसं संपली. मग शेवटच्या फॉर्मवर त्यांनी लिहिलं: आवडाबाई, वय ६१, धंदा घरकाम. गरज: ‘मला यंत्रातलं काही कळत नाही. कुणी बटण दाबून दिलं तर ऐकत बसेन.’ यात वय अंदाजे नव्हतं.

राहता राहिला मोबाईल नंबरचा रकाना. सगळे रकाने कोरे ठेवले की वरचा साहेब संशय घेतो, म्हणून कचरूपुढे त्यांनी स्वतःचा नंबर टाकला आणि आवडाबाईंपुढे आवडाबाईंचा. त्यांचा फोन अजून चालू होता. काकासाहेब आठवड्याला तो चार्ज करायचे. बंद केला की नंबर दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकतात, असं त्यांनी ऐकलं होतं.

सोमवारी फॉर्म पोचले. मंगळवारी दुपारी फोन वाजला.

“नमस्कार, मी संस्कृती बोलतेय, वाचनालयाच्या कामासाठी. पिशोरचे कचरू ना?”

राँग नंबर म्हणायला काकासाहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. “व्हय, बोला की. शेतातच हाय.”

नेमकी कुकरची शिट्टी झाली.

“मागे कसला आवाज येतोय?”

“रेल्वे हाय.”

“पिशोरला रेल्वे आहे?”

“येणार हाय. लई दिसांपासून येणार हाय.”

“बरं. कचरूकाका, तुम्ही मोठा पडदा मागितलाय. म्हणजे किती मोठा?”

हा प्रश्न चांगला होता. काकासाहेबांनी कुकर विसरून विचार केला. “पान खऱ्याएवढं दिसलं पायजे बगा. मोबाईलवर कीड हाय का डाग हाय, कळतच नाय. तोवर शेत बसतं.”

“हे फार महत्त्वाचं सांगितलंत. गुरुवारी दोन वाजता चर्चा ठेवलीय, नक्की या. वाचनालयाच्या दारावर नोटीस लावून चाळीसही जणांना बोलावलंय.”

“चाळीस?” कचरूच्या आवाजात काकासाहेब म्हणाले.

फोन ठेवून ते पाणी प्यायला उठले, तोच आतल्या कपाटात कोंबडा आरवला. आवडाबाईंनी हौसेने लावून घेतलेली घंटी होती ती. दोन वर्षांत वाजली नव्हती. कोंबडा तिसऱ्यांदा आरवला तेव्हा काकासाहेबांना कपाटाची कडी सापडली.

“आवडाबाई आहेत का?”

काकासाहेब उभेच राहिले. “नाहीत.”

“बाहेर गेल्यात?”

“व्हय.”

“कधी येतील?”

चौतीस वर्षं या प्रश्नाला त्यांच्याकडे ‘उद्या या’ हे उत्तर तयार असायचं. या वेळी ते आलं नाही. “सांगता येत नाय,” ते म्हणाले.

“आल्या की निरोप द्याल? सगळ्या फॉर्मांत त्यांचा मला सगळ्यात आवडला. गुरुवारी त्या यायलाच पाहिजेत.”

“सांगतो,” काकासाहेब म्हणाले.

बुधवारी ते गुलमंडीच्या बाजारपेठेत गेले. पंच लागतात म्हटल्यावर आठवावा असा एकच माणूस होता. काकासाहेब पिशोरला तलाठी होते तेव्हा युसूफभाई तिथल्या बाजारात पाल ठोकून कापड विकायचे, आता गुलमंडीवर पक्कं दुकान होतं.

“क्या तलाठी साब! कब आये? बसा, चहा सांगतो.”

“बसायला नाय आलो. उद्या दोन तास द्या. अन् आजूबाजूची पंचवीस-तीस माणसं बी घ्या संगं.”

“पंच?”

“तसंच समजा. वाचनालयात बसायचं अन् विचारलं तर सांगायचं, आमाला दुपारीच यायला जमतं.”

“सही किधर करायची, बोला.”

“सह्या झाल्यात. यायचंय.”

युसूफभाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. “साब, अठरा साल तुमचा पंच होतो. किसका घर पडलं, किसकी विहीर खचली, किसका कापूस वाहून गेला, सगळं मी समक्ष पाहिलं, पाल में बैठ के. एक दफा तरी म्हणालात का, युसूफ, चल जागेवर?”

“नाय म्हणलो.”

“मग आता या उमर में आदत कायको बिगाडते?”

काकासाहेबांनी आणखी सात दुकानं पाहिली. पहिला म्हणाला, योजना कुठली? दुसरा म्हणाला, आधार आणायचं का? तिसऱ्याने आपला फोटो काढून आणून दिला. योजना नाही, नुसतं येऊन बसायचं आहे, हे ऐकल्यावर प्रत्येकाच्या चेहऱ्यावर काळजी दिसू लागली आणि “काका, घरी सगळं ठीक आहे ना?” असं विचारत त्यांनी काकासाहेबांना रिक्षात बसवून दिलं.

गुरुवारी दोन वाजता वरच्या हॉलात चाळीस प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि चाळीस पाण्याच्या बाटल्या मांडल्या होत्या. पुढची रांग रिकामी दिसू नये म्हणून काकासाहेब पुढे बसले. तेव्हा मागच्या जास्तच रिकाम्या दिसू लागल्या. संस्कृती सव्वीस-सत्तावीसची, गळ्यात टेप, हातात यादी. तिने अडीचपर्यंत दाराकडे बघितलं, मग नावं वाचायला सुरुवात केली.

“मुबश्शिरा?”

“परीक्षा हाय तिची.”

“प्रणय?”

“घसा बसलाय.”

“राजनंदिनी?”

“लग्न ठरलं.”

“सोमवारीच तर फॉर्म आलाय,” गौहर मॅडम म्हणाल्या.

“लवकर ठरलं.”

पंधराव्या नावापर्यंत काकासाहेबांनी चौघांना आजारी पाडलं होतं, तिघांना परगावी धाडलं होतं आणि मुनीब नावाच्या एका सज्जन माणसाला कोर्टात उभं केलं होतं.

“काका, तुम्ही या सगळ्यांना ओळखता?”

“जुनी माणसं हायेत.”

“मुबश्शिरा एकोणीस वर्षांची आहे.”

“अंदाजे,” काकासाहेब म्हणाले.

संस्कृतीने यादी खाली ठेवली आणि फोन लावला. काकासाहेबांच्या सदऱ्याच्या खिशात कचरू वाजू लागला. त्यांनी तो काढला, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, “रेंज आली वाटतं.” संस्कृतीने दुसरा नंबर लावला. त्यांच्या कापडी पिशवीतून कोंबडा आरवला. रिकाम्या हॉलात तो फार मोठ्याने आरवला. दुसरा फोन आपण का आणला, हे काकासाहेबांना सांगता आलं नसतं. गुरुवारी त्या यायलाच पाहिजेत, असा निरोप होता, एवढंच.

“चाळीसही मीच हाय,” ते म्हणाले.

“मला सोमवारीच कळलं होतं,” गौहर मॅडम म्हणाल्या. “कॉलेजची पोरगी ‘धंदा: शिक्षण’ लिहिते का? अन् चाळीसही फॉर्मांखाली ‘वाचून पाहिले, बरोबर आहे’!”

“मग बोलला का नाय?”

गौहर मॅडमनी पाण्याची बाटली उघडली. “दुपार बंद झाली असती तर मलाही घरीच बसायचं होतं ना, काकासाहेब.”

संस्कृती खुर्चीत बसली. “आराखडा कालच मंजूर झालाय. सामान निघालंय. तुमच्या चाळीस माणसांवरून.” थोड्या वेळाने तिला हसू आलं. “आम्हाला कॉलेजात शिकवतात, खरी माणसं भेटेनात तर मनाने माणसं तयार करा. नाव, वय, गरज, सगळं. त्याला पर्सोना म्हणतात.”

“आमच्याकडं पंच म्हणत्यात.”

“माझी माणसं कधी चारच्या वर गेली नाहीत.” तिने फॉर्मांचा गठ्ठा ओढला. “एक विचारू? चाळीस जणांना चाळीस वेगळ्या गोष्टी पाहिजेत. पण शेवटच्या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर एकच आहे. ‘यंत्रापुढे शेजारी शेजारी दोन खुर्च्या असाव्यात.’ मी तशाच मागवल्यात.”

काकासाहेबांनी फॉर्म हातात घेतले. कचरूचा पाहिला, मुबश्शिराचा पाहिला, ज्याला एकटं बसून गाणं ऐकायचं होतं त्या प्रणयचाही पाहिला. असं लिहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

“पंचनाम्याची शेवटची ओळ सारखीच असती,” ते म्हणाले.

कक्ष उघडला. दुपारची वेळ महिनाभर ठेवून बघू, माणसं आली नाहीत तर बंद, असं कार्यकारिणीने ठरवलं. सहा यंत्रं, बारा खुर्च्या, एक मोठा पडदा, आणि काकासाहेब. “या वेळी एक माणूस, एक सही,” असं गौहर मॅडमनी बजावलं होतं. त्यामुळे ते कचरूच्या वतीने आल्याची कंदकूज बघायचे, मुबश्शिराच्या वतीने हेडफोन लावून शांतता ऐकायचे, आणि सही एकच करायचे. आवडाबाईंच्या यंत्रावर त्यांनी भजनं लावली. बटण दाबलं, आणि उठून शेजारच्या खुर्चीत जाऊन बसले.

आठव्या दिवशी दारात एक माणूस उभा राहिला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत मातीसकट उपटलेलं आल्याचं रोप.

“तलाठीसाहेब हितंच बसत्यात का? युसूफभाईंनी धाडलं. म्हणले, मला यायला सवड नाय, तू जाऊन ये.”

काकासाहेब ताडकन उठले. “कचरू?”

“नाय, कृष्णा. पिशोरचाच हाय.”

काकासाहेबांना किंचित वाईट वाटलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. पडद्यावर आल्याचं पान खऱ्याएवढं आलं, तसं कृष्णाने हातातलं रोप त्याच्याशेजारी धरलं, आणि दोघं अर्धा तास एकदा या पानाकडे, एकदा त्या पानाकडे बघत बसले. कीड नव्हती, डागच होता.

दुसऱ्या आठवड्यात कृष्णाबरोबर तिघं आले. मग शांत कोपऱ्याची बातमी कुण्या परीक्षेवाल्या मुलीला लागली, आणि तिच्यामागे आठ मुली आल्या. मग नातवांच्या आज्या आल्या. त्यांच्यातल्या रूपाबाई तर नातू झोपेत असला तरी त्याला बघायला यायच्या. चाळीस गरजांना हळूहळू चाळीस माणसं मिळाली, वर दहा-वीस जास्तच. महिनाअखेर गौहर मॅडम दारात नंबर वाटू लागल्या. कार्यकारिणीने दुपार कायम केली. आणि पहिल्यांदाच असं घडलं की काकासाहेब बाराला पोचले आणि त्यांना बसायला जागा नव्हती.

व्हरांड्यात एक जुनं लाकडी बाकडं होतं, चार माणसांचं. त्यावर सहा जण बसायचे. काकासाहेब त्यात सातवे झाले.

तीन महिन्यांनी संस्कृती परत आली ती घाईघाईने जिना चढत. “काका! गौहर मॅडमनी फोटो पाठवला. सगळे आत, आणि तुम्ही बाहेर बाकड्यावर! मला इतकं वाईट वाटलं. आणखी सहा यंत्रं मंजूर करून आणलीत. शिवाय घरूनच मोबाईलवर वेळ ठरवता येईल. आपापल्या वेळेला यायचं, काम करायचं, जायचं. ही वाट बघायची भानगडच नको.”

कृष्णाने तोंडाशी नेलेले फुटाणे खाली घेतले.

“भानगड कसली?” काकासाहेब म्हणाले.

“म्हणजे तासन्‌तास बसून राहावं लागतं ना तुम्हाला इथे. हे बाकडंही काढू, जायला-यायला मोकळं होईल.”

काकासाहेबांनी रूपाबाईंकडे बघितलं. त्यांच्या मांडीवर स्वेटरचं विणकाम होतं. ते वाचनालयातच सुरू झालं होतं आणि आता दुसरी बाही चालली होती. “मॅडम,” ते म्हणाले, “मागं तुमी विचारलं होतं, तुमाला काय पायजे. मी चाळीस डाव लिहून दिलं, अन् चाळीसही डाव चुकलो.”

“काय चुकलं?”

“हे बाकडं दोन हात लांब करून द्या. आतलं तुमचं काय ते करा. पण सावकाश करा.”

संस्कृती त्यांच्याकडे बघत राहिली. मग गळ्यातला टेप काढून तिने बाकड्याच्या एका टोकाला धरला. दुसरं टोक धरायला रूपाबाई सरकल्या. सरकलेल्या जागेत संस्कृतीने पर्स ठेवली, आणि जरा वेळाने ती स्वतःच बसली.

“अकरा नंबर!” आतून गौहर मॅडमची हाक आली.

अकरा नंबर कुणाचा, हे बाकड्यावर सगळ्यांना माहीत होतं. काकासाहेब मान खाली घालून अतिशय लक्षपूर्वक ऐकत होते. कृष्णा आपल्या चुलत्याने सासरवाडीच्या बैलाला कसं विहिरीत पाडलं ते सांगत होता.

“अकरा!”

गौहर मॅडमनी दारातून डोकं बाहेर काढलं, बाकड्यावर नजर फिरवली, आणि रजिस्टरात अकरावर रेघ ओढली.

“बारा!”

बारा नंबर रूपाबाईंचा होता. त्याही उठल्या नाहीत. बैल अजून विहिरीतच होता.